लेंड्या पडल्या का? : डॉक्टरताईंना एक जाहीर पत्र

प्रिय डॉक्टरताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. दवाखान्यात आभार मानायला तोंड उघडलं तेव्हा तुम्ही हातानेच थांबवलंत आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलंत. पण मनात साठलेलं कुठेतरी बोलायलाच हवं, म्हणून हे पत्र. ज्यांच्या घरी ध्यानीमनी नसताना ससे येऊन पडलेत त्यांनी ते वाचावं. आणि कुणाच्या मुलाला ससा भेट द्यायचा विचार ज्यांच्या मनात घोळतोय, त्यांनी तर जरूर वाचावं.

लेकीच्या सातव्या वाढदिवसाला नात्यातल्याच एकांनी पुठ्ठ्याच्या खोक्यातून सशाची दोन पिल्लं आणली आणि थेट तिच्या मांडीवर ठेवली. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. तिचा चेहरा असा काही फुलला की नको म्हणायची सोयच उरली नाही. पांढऱ्या पिल्लाचं नाव तिने कापूस ठेवलं, राखाडी पिल्लाचं ढगू. सोबत सूचना आल्या त्या एवढ्याच : दाणे टाकायचे, गाजर द्यायचं, बाकी काही बघावं लागत नाही, आणि दोन्ही माद्या आहेत, त्यामुळे काळजीच नको. विकणाऱ्याने जे सांगितलं ते आणणाऱ्यांनी आमच्या हातात दिलं आणि केक खाऊन ते निघून गेले.

पुढे काही महिन्यांनी एका सकाळी कापूसने दाण्यांना तोंड लावलं नाही. गाजर नुसतं हुंगून सोडलं. दुपारपर्यंत तो कोपऱ्यात अंग चोरून, पाठीचा बाक काढून बसला होता. डोळे अर्धवट मिटलेले. कान जवळ नेला की दात करकर वाजल्याचा आवाज यायचा. पिंजऱ्याखालचा कागद सकाळी बदलला होता तसाच कोरा होता.

एका दवाखान्यात फोनवरच सांगितलं की आम्ही फक्त कुत्री-मांजरं बघतो. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, निदान खरं बोलले. दुसऱ्या ठिकाणी खोक्याचं झाकण उचलून आत डोकावलं, पातळ औषधाची एक बाटली हातात दिली आणि "उद्या खाईल" म्हणून वाटेला लावलं. तिसऱ्या ठिकाणी तर हातही लावला नाही. लेक समोर उभी असताना म्हणाले, "यावर खर्च करण्यापेक्षा नवीन घेऊन टाका, मुलीला फरकही कळणार नाही." डॉक्टरताई, ती सात वर्षांची आहे, बहिरी नाही. परतीच्या वाटेवर ती खोक्यावर दोन्ही हात ठेवून बसली होती, जणू आत्ताच कुणी ते हिसकावून घेणार आहे. ज्यांनी भेट दिली होती त्यांना फोन केला, तर सल्ला मिळाला की मोकळ्या रानात सोडून द्या, निसर्ग त्यांचं बघून घेतो. पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हाताखाली वाढलेला, दुरून चमकणारा पांढराशुभ्र ससा रानात किती तास तगेल याचा विचार हे वाक्य उच्चारताना कुणी करत नाही.

अशा अवस्थेत तुमचा पत्ता कुणीतरी दिला. तुमची बंद करायची वेळ झाली होती. दिवे अर्धे मालवलेले होते, ते तुम्ही पुन्हा लावलेत.

तुम्ही कापूसला टेबलावर घेतलं नाही. फरशीवर टॉवेल अंथरलात, स्वतः मांडी घालून बसलात आणि खोकं आडवं करून तो आपणहून बाहेर येईपर्यंत थांबलात. मग एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. "हे पाय कधी लोंबकळू द्यायचे नाहीत," असं तुम्ही सांगितलंत, तेही मला नाही, लेकीला. घाबरलेला ससा हवेत लाथ झाडतो आणि त्या झटक्यात त्याचाच कणा मोडू शकतो, हे तिला कळेल अशा भाषेत सांगितलंत. कान धरून उचलायचं नसतं हे सांगायची वेळ आली नाही, कारण तुमचे हात बघूनच ते तिला समजलं. दुसरीकडून मिळालेली बाटली तुम्ही उजेडात धरून वाचलीत आणि बाजूला ठेवलीत. अमॉक्सिसिलिन नावाचं अँटिबायोटिक होतं. कुत्र्याला सर्रास देतात, पण सशाच्या पोटात गेलं तर आतड्यातले उपयोगाचे जंतू मरतात आणि जिवावर बेतू शकतं. एवढं सांगितलंत, पण ते देणाऱ्या डॉक्टरांबद्दल एक शब्दही वावगा बोलला नाहीत. मी मात्र आज बोलते आहे, आणि ते मागे घेणार नाही.

सशाच्या बाबतीत "उद्या" हा सल्लाच चालत नाही, हे त्या रात्री समजलं. त्याला उलटी करता येत नाही. आतडं सतत चालतं राहावं लागतं, आणि ते चालवतं गवत. खाणं थांबलं की आतडं मंदावतं, पोटात वायू धरतो, दुखतं, दुखतं म्हणून तो आणखी खात नाही. बारा तास उपाशी राहिलेला ससा म्हणजे तातडीचा पेशंट. वर हा प्राणी शिकार होणाऱ्यांपैकी, म्हणजे आजार लपवण्यातच त्याचा जन्म गेलेला. तो आजारी दिसतो तोवर बराच वेळ हातातून गेलेला असतो. आणि त्याच्या ताटात मुख्य हवं वाळलेलं गवत, भरपूर, दिवसरात्र. दाणे चिमूटभर, गाजर म्हणजे कधीतरीचा खाऊ. दातही जन्मभर वाढत राहतात, गवत चघळूनच ते झिजतात. विकणाऱ्याच्या यादीत गवत हा शब्दच नव्हता.

इंजेक्शनं, सलाईन, एक्स-रे, सिरिंजने भरवायची पेज, ते सगळं तुम्ही तुमच्या हाताने केलंत. त्यासाठी ऋणी आहेच. पण हे पत्र ज्याच्यासाठी लिहायला घेतलं ती गोष्ट यानंतरची आहे.

आम्ही कापूसला घरी आणलं. तुम्ही म्हणाला होतात, थोडं थोडं भरवत राहा आणि खालचा कागद बघत राहा. लेक हलेना. पिंजऱ्यासमोर पांघरूण ओढून बसली, हातात टॉर्च. दर थोड्या वेळाने उजेड पाडायची, कागद बघायची, बंद करायची. मी तिला झोप म्हणायचं थांबवलं होतं. मला भीती वाटत होती ती सकाळची. मी तिला काय सांगणार होते? बाहेर उजाडलंही नव्हतं तेव्हा फोनचा दिवा लागला. तुमचा मेसेज होता.

"लेंड्या पडल्या का?"

दुसरं काही नाही. सुप्रभात नाही, फुलाचं चित्र नाही. डॉक्टरताई, आजवर मला माणसांच्या दवाखान्यातूनसुद्धा असं कुणी विचारलेलं नाही. तुमचा दिवस सुरू व्हायला अजून वेळ होता. तुम्ही नुकत्या उठला होतात की झोपलाच नव्हतात, मला माहीत नाही. पण जगात आणखी एक माणूस त्या अंधारात एका मूठभर सशाच्या पोटाचा विचार करत जागं होतं. मी फोन लेकीला दाखवला. तिने वाचलं, टॉर्च लावला आणि पिंजऱ्याच्या मागच्या कडेला पाडला. तिथे होत्या. मिरीएवढ्या, कोरड्या, वेड्यावाकड्या, त्यातल्या दोन केसाने एकमेकींना जोडलेल्या. लेक ओरडली नाही. तिने माझा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखली. फोटो तिनेच काढला आणि तिनेच पाठवला.

तुमचं उत्तर आलं : "लहान आहेत, पण आहेत. छान. गवत तोंडासमोर ठेवा." आणि लगेच त्याखाली : "मुलगी झोपली का?"

तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही. दिवसभर जिच्यादेखत मोठी माणसं "नवीन घ्या" म्हणाली होती, तिची झोप कुणीतरी विचारत होतं. तुम्हाला मी "हो" लिहिलं. ते खोटं होतं, पण पुढच्या काही मिनिटांत खरं झालं. ती पिंजऱ्याशेजारीच कलंडली.

पुढचं थोडक्यात. बरा झाल्यावर तपासणीला आणलं तेव्हा तुम्ही दोघांनाही नीट बघितलंत आणि शांतपणे सांगितलंत की कापूस नर आहे, ढगू मादी आहे आणि ती गाभण आहे. लहान पिल्लांत नर-मादी ओळखणं कठीण असतं, चुकतं, हे तुम्ही म्हणालात, विकणाऱ्याला तेवढी सूटही दिलीत. पण दोघांना त्याच दिवशी वेगळं करायला लावलंत, कारण सशीण व्यायली की लगेच पुन्हा गाभण राहू शकते. साधारण महिन्याभराचा तिचा काळ. ढगूने छातीचे केस उपटून घरटं केलं, आणि त्यात पिल्लं आली. आंधळी, बिनकेसांची, बोटाएवढी. घरात आलेल्या प्रत्येकाने सांगितलं की ही आई पाजत नाही, गाईचं दूध द्या. तुम्ही फोनवर म्हणालात, "दूध देऊ नका. सशीण दिवसातून एक-दोनदाच पाजते, काही मिनिटं, तेही कुणी बघत नसताना. तुम्ही फक्त पोटं बघा." लेकीने बघितली. टम्म गोल होती. दहाव्या दिवसाच्या आसपास डोळे उघडू लागले, तेव्हा तिने तुम्हाला फोन केला आणि तुम्ही, दवाखान्यात गर्दी असताना, तो उचललात.

पिल्लांना घरं शोधायला तुम्हीच मदत केलीत. एकाला दिलेला नकार मला आठवतो. ते गृहस्थ पुतण्याच्या वाढदिवसाला सरप्राइज म्हणून एक पिल्लू न्यायला आले होते. तुम्ही विचारलंत, मुलाच्या आईवडिलांना माहीत आहे का? नाही म्हणाले. मग पिल्लू नाही, तुम्ही म्हणालात. आवाज चढवला नाही. ससा नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षं जगतो, बारासुद्धा. आज सात वर्षांचं पोर तेव्हा कॉलेजात असेल, एवढं बोललात आणि त्यांना चहा विचारलात. हे आमच्या खोक्याच्या वेळी कुणीतरी बोलायला हवं होतं. भेट देणाऱ्याचं काम पाच मिनिटांत संपतं, फोटो निघतात, टाळ्या होतात. त्या जिवाची पुढची दहा वर्षं कुणाच्या तरी घरात जाणार असतात. ती माणसं तयार आहेत का, हे आधी विचारणं एवढं जड असतं का? देणाऱ्यांवर माझा राग अजून आहे. तो नात्यापोटी गिळावा असं मला वाटत नाही.

आणि त्याच दिवसांत मी हेही बघितलं की नीट वागायला माणसाला फार काही लागत नाही. तुमच्याकडचे दादा, जे फरशी पुसतात, त्यांनी दुसऱ्या भेटीला स्वतःच्या अंगणातलं गवत पिशवीत भरून आणलं होतं आणि "औषध मारलेलं नाही" हे आवर्जून सांगितलं. शेजारच्या आजींनी टीव्हीच्या मागच्या वायरींना जुनी नळी कापून गुंडाळली, कारण ससे वायरी कुरतडतात असं त्यांनी लेकीकडून ऐकलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं यांना. अशी माणसं आजूबाजूला असतात, गाजावाजा करत नाहीत, म्हणून ती मोजणीत येत नाहीत. मला ती मोजायची आहेत.

कापूसची नसबंदी झाली आहे. त्यानंतरही काही आठवडे त्याला ढगूपासून लांब ठेवायचं हे तुमचं सांगणं लेकीने पिंजऱ्यावर लिहून चिकटवलंय. जाळीच्या दोन बाजूंना दोघं नाकाला नाक लावून पसरतात. ढगूची शस्त्रक्रियाही तिची तब्येत भरली की करायची आहे. वय वाढलं की माद्यांना गर्भाशयाचा कर्करोग फार होतो, हे तुम्ही सांगितल्यापासून ती तारीख मी पुढे ढकलणार नाही. परवा कापूसने गवताचं पूर्ण ताट संपवून हवेत उडी मारली आणि उडीतच अंग पिळून उलटा फिरला. लेकीने मला हाक मारली नाही, तुम्हाला व्हिडिओ पाठवला.

पुढच्या तपासणीला ती एक वही घेऊन येणार आहे. सशाच्या वरच्या पुढच्या दातांमागे आणखी दोन बारके दात असतात हे तुम्ही तिला दाखवलंत. अशा फरकांमुळेच १९१२ मध्ये सशांना उंदरांच्या गणातून काढून वेगळा गण दिला हेही सांगितलंत. तेव्हापासून वही भरत चालली आहे. ससा रात्री पडलेल्या मऊ लेंड्या स्वतःच का खातो, त्यात कुठली जीवनसत्त्वं असतात, आपल्याला कोण जवळ आलं ते त्याला वासाने कळतं की पावलांनी, पाय आपटतो तेव्हा ढगूला तो नेमकं काय सांगतो. मी वाचून दाखवायला लागले तर तिने वही ओढून घेतली. कृपया थोडा वेळ राखून ठेवा, आणि उत्तरं तिलाच द्या.

तुमची ऋणी,
कापूस-ढगूच्या ताईची आई