गोवर: २१ दिवस सांभाळा

पालकहो, पाळणाघरातल्या एका बाळाला गोवर झाल्याचं डॉक्टरांनी आज सांगितलं. परवा दुपारपर्यंत ते इथेच खेळत होतं. नाक वाहत होतं, डोळे लाल होते. आम्हाला साधी सर्दी वाटली. पण पुरळ उठण्याच्या ४ दिवस आधीपासूनच गोवर पसरतो.

संसर्गानंतर पुरळ दिसायला साधारण १४ दिवस लागतात, कधी २१. त्यामुळे आठवडाभर ताप आला नाही म्हणजे सुटलो, असं कृपया समजू नका. लस राहिलेल्या मुलांना, ते बाळ शेवटचं इथे होतं त्या दिवसापासून मोजून २१ दिवस घरीच ठेवा. नोकरीवाल्यांची ओढाताण होईल, कळतंय मला, तरीही ठेवा.

लसीकरणाचं कार्ड आत्ताच काढून बघा. एमआरचा (गोवर-रुबेला लसीचा) एकही डोस झाला नसेल तर आजच डॉक्टरांकडे जा. संपर्कानंतर ७२ तासांत दिलेली लसही उपयोगी पडते. नऊ महिन्यांखालच्या बाळांच्या आयांनी मला लगेच फोन करा.