किल्ल्याचं बजेट पोरांनाच करू द्या

संपादक साहेब,
दिवाळी आली की बाजारात प्लास्टरचे रेडिमेड किल्ले दिसतात आणि आईबाप कौतुकाने घेतातही, पण खरं सांगू का, पोती, विटा, माती आणि वर पेरलेले अळीव यात खर्च तो किती, पैसे लागतात ते मावळ्यांना. ते पोरांनी खाऊच्या पैशातून गल्ल्यात साठवून आणावेत ना, मग सिंहासनावरचे महाराज घ्यायचे की दोन तोफा हे पण तेच ठरवतील (भांडतील आधी, ते वेगळं). रिझर्व्ह बँकेच्या २०२५च्या नियमांनी तर १० वर्षांवरच्या मुलांना स्वतःचं बचत खातं चालवता येतं, बँक ठरवेल त्या मर्यादेत. आमच्या शेजारच्या पोरीने दोऱ्याच्या रिकाम्या रिळांच्या तोफा केल्या आणि वाचलेल्या पैशात हत्ती आणला.

– एक पालक, सातारा