समुपदेशक ताईंना, आम्हा वर्गशिक्षकांकडून

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

मधेच ओरडणारं, पेन्सिल मुद्दाम पाडणारं, उत्तर येत असूनही भलतंच बोलून हशा पिकवणारं मूल लक्ष मागत असतं, हे बहुतेक शिक्षकांना कळतं. मग पुढच्या तासाला करायचं काय, हे तुम्ही दाखवलंत. म्हणून हे जाहीर आभार.

पहिले आभार त्या तीन रकान्यांच्या तक्त्यासाठी. आधी काय घडलं, मुलाने काय केलं, लगेच त्याला काय मिळालं. पाच दिवस, तेही रोज एकाच विषयाच्या तासाला. खरी माहिती तिसऱ्या रकान्यात असते. ‘बाई रागावल्या’ हेसुद्धा लक्षच, ‘सगळे हसले’ हेही लक्षच. पण ‘गणितं करायची टळली’ असं वारंवार दिसलं, तर मुलाला कामातून सुटका हवी आहे. तिथे दुर्लक्ष केलं की त्याचं आयतंच फावतं. म्हणून तक्ता भरेपर्यंत उपाय ठरवायचा नाही, हा तुमचा आग्रह फार मोलाचा.

लक्ष आधीच देऊन टाकायचं, ही तर सगळ्यात उपयोगी गोष्ट. मूल साधारण दर सहा मिनिटांनी ओरडत असेल, तर चौथ्या मिनिटाला, ते शांत असतानाच, त्याच्या बाकापाशी जायचं. वहीतल्या ओळीवर बोट ठेवून हळूच म्हणायचं, “हातचा बरोबर घेतलास,” आणि पुढे सरकायचं. नुसत्या ‘शाब्बास’मधून नेमकं काय जमलं ते मुलाला कळत नाही. आठवडाभर घडी बसली की चाराची सहा मिनिटं, मग दहा. घाईने अंतर वाढवलं की ओरडणं परत येतं.

दुर्लक्ष करायला लागल्यावर सुरुवातीला आवाज वाढतो, हे तुम्ही आधीच बजावलंत. नेमका तेव्हाच धीर सुटला, तर अजून जोरात ओरडलं की मिळतं, हे मूल शिकतं. अधूनमधून मिळणारं लक्ष तर सवय आणखी घट्ट करतं. म्हणून कशाकडे दुर्लक्ष करायचं ते आधी ठरवायचं, मारामारी किंवा इजा त्यात कधीच धरायची नाही, आणि बोलण्यासाठी हात वर झाला की लगेच नाव घ्यायचं. १९६८ साली मॅडसन, बेकर आणि थॉमस या संशोधकांच्या अभ्यासातही हेच दिसलं होतं: नुसत्या नियमांनी फारसा फरक पडला नाही, दुर्लक्ष आणि चांगल्या वागण्याचं कौतुक यांची जोड मिळाल्यावर वर्ग सुधारला.

वर्ग हसत असेल, तर शिक्षकाने एकट्याने केलेलं दुर्लक्ष वाया जातं. त्यावर तुम्ही सुचवलेला तोडगा किती साधा! त्या मुलाने हात वर करून बोलल्याचे गुण जमले की साऱ्या वर्गाला पाच मिनिटं खेळ. म्हणजे सोबत्यांचं लक्षही त्याला सरळ वाटेने मिळतं. फक्त ही संधी खोडीनंतर लगेच द्यायची नाही, नाहीतर ते खोडीचं बक्षीस ठरतं.

आणि हो, सगळ्या विषयशिक्षकांना एकत्र बसवून कशाकडे दुर्लक्ष करायचं याची एकच यादी ठरवून दिलीत, त्याबद्दल विशेष आभार. एका तासाला दुर्लक्ष आणि पुढच्या तासाला व्याख्यान असं चाललं असतं, तर बाकी काहीच टिकलं नसतं.

आपले,
वर्गशिक्षक