बीटीआरएफएसवरचे डेबियन आणि रात्रीचा एक फोन

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला मी आपल्याला फोन केला, तेव्हा माझ्या लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर 'ग्रब>' एवढीच अक्षरे उरली होती (ग्रब म्हणजे मशीन सुरू होताना सिस्टिम शोधून चालू करणारा प्रोग्राम) आणि नुकतेच टाकलेले डेबियन 12 हे लिनक्स हातचे गेले अशी माझी खात्री झाली होती.

इन्स्टॉलर रूटसाठी, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य भागासाठी, आपणहून ईएक्सटी4 ही फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) सुचवतो; मला मात्र बीटीआरएफएस हवी होती, कारण अपडेट फसले तर स्नॅपशॉटवरून, म्हणजे आधी टिपून ठेवलेल्या स्थितीवरून, मागे येता येते. इन्स्टॉलरने सबव्हॉल्यूमला (बीटीआरएफएसमधल्या स्वतंत्र कप्प्याला) '@रूटएफएस' हे नाव दिले होते, पण स्नॅपशॉट घेणारा टाइमशिफ्ट हा प्रोग्राम सिस्टिमसाठी '@' आणि स्वतःच्या फाइलींसाठी '@होम' अशी मांडणी धरून चालतो, म्हणून इन्स्टॉलेशन आटोपल्यावर मी नाव बदलले, नवे '@होम' केले, काय कुठे जोडायचे ते सांगणारी एफएसटॅब ही फाइलही सुधारली आणि मोठी कामगिरी केल्याच्या थाटात मशीन रीस्टार्ट केले.

'पुन्हा टाकून घे' म्हणून आपण मोकळे होऊ शकला असता. त्याऐवजी आपण मला, ग्रब आपल्या फाइली कुठे शोधतो ते दाखवणारी 'इको $प्रीफिक्स' ही कमांड टाइप करायला लावली आणि आलेली ओळ मोठ्याने वाचायला सांगितली. तिच्यात '@रूटएफएस' हेच जुने नाव होते. "आता तूच सांग, ग्रब कुठे शोधतोय?" हा आपला प्रश्न ऐकताच मला कळले की मी घराचे नाव बदलले होते, पण ईएफआय पार्टिशनमधल्या (मशीन सुरू करण्यासाठी राखलेल्या डिस्कच्या भागातल्या) छोट्या फाइलीत जुनाच पत्ता राहिला होता.

पुढचा पाऊण तास आपण लाइव्ह पेनड्राइव्हवरून (त्यावरूनच चालणाऱ्या लिनक्सवरून) '@' माउंट करणे म्हणजे जोडून घेणे, डेव्ह, प्रॉक व सिस हे सिस्टिमचे फोल्डर जोडणे आणि सीएचरूट करणे, म्हणजे डिस्कवरच्या सिस्टिमच्या आत शिरणे, हे सारे माझ्याकडूनच करून घेतले. ग्रब नव्याने बसवणारा ग्रब-इन्स्टॉल अडला, तेव्हा '/बूट/ईएफआय' माउंट करायचे मी विसरलो आहे, हे आपण पडदा न पाहताच ओळखले.

परवा एका ड्रायव्हरमुळे डेस्कटॉप उघडेना, तेव्हा आदल्या दिवशीच्या स्नॅपशॉटवर मी स्वतःच परतलो आणि '@होम' वेगळे असल्यामुळे माझी एकही फाइल हलली नाही. याबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे.

एक कबुलीही द्यायची आहे. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की तोही जातो, असे बजावून आपण फोन ठेवताना विचारले होते, "दुसरीकडे प्रत आहे ना?" मी "हो" म्हणालो होतो. ती प्रत मी दुसऱ्या दिवशी सकाळी केली.

आपला कृतज्ञ,
एक माजी विद्यार्थी