डिकीवर एकदा पाणी मारून बघा: परिवहनमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. परिवहनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय: पावसाळ्यात बसच्या डिकीत भिजणारं प्रवाशांचं सामान

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागणी छोटी आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो. प्रवासी बसला फिटनेस सर्टिफिकेट देण्याआधी तिच्या डिकीची दारं लावून बाहेरून पाइपने पाच-दहा मिनिटं पाणी मारावं, मग दार उघडून आत हात फिरवावा. हात ओला झाला तर गाडी दुरुस्तीला परत पाठवावी.

यासाठी नवा कायदा करायची गरज नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १२८व्या नियमात पर्यटक बसगाड्यांच्या सामानाच्या जागेबद्दल लिहून ठेवलेलं आहे: ती पुरेशी मोठी हवी, खडखडणारी नको, आणि तिच्यात धूळ किंवा पाणी शिरता कामा नये. ज्याने कोणी हे लिहिलं त्याने बसचा प्रवास केला असावा, अशी मला दाट शंका आहे. मुंबई-पुण्याहून कोकणात, गोव्यात, मराठवाड्यात रात्री धावणाऱ्या कितीतरी खासगी गाड्या पर्यटक परवान्यावरच चालतात. म्हणजे नियम आहे, तो त्यांना लागूही आहे; फक्त डिकीत वाकून कोणी बघत नाही.

बघितलं तर काय दिसेल तेही सांगतो. डिकी असते पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे. पुढचं चाक खड्ड्यातल्या पाण्यातून गेलं की फवारा नेमका डिकीच्या दाराच्या खालच्या कडेवर बसतो. तिथली रबरी बीडिंग सामान आत-बाहेर ओढताना घासून फाटलेली असते. दार वर उचलून धरणारे शॉकर गेलेले असले की क्लीनर ते दार बांबूने टेकवतो आणि काम झालं की नुसतं ढकलून देतो. दार तिरकं बसतं, बोटभर फट राहते. चाकाच्या बाजूचा पत्रा गंजून त्याला भोकं पडलेली असतात ती वेगळीच. त्यातून एसीच्या पाण्याची नळी निखळलेली असली तर भर एप्रिलमध्येही डिकीत थारोळं. एकदा आत आलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसते, कारण तळाची निचऱ्याची भोकं एकतर नसतातच, नाहीतर चिखलाने बुजलेली. मग कशेडीसारखा घाट चढताना ते सगळं मागे जातं आणि उतरताना पुढे येतं. कोपऱ्यात ठेवलेली बॅग तरी सुकी राहील असा भरवसा नाही.

‘बॅगेला रेन कव्हर घाला’ असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. ते कव्हर वरून पडणाऱ्या पावसासाठी असतं. डिकीत पाणी खालून येतं. चाकांची ट्रॉली बॅग उभी ठेवली तर दोन बोटं वर तरी राहते, पण क्लीनर ती आडवीच टाकतो, कारण वर आणखी चार रचायच्या असतात. ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेल्या बॅगांचं कापड पाणी अडवतं, शिवण आणि चेन अडवत नाही. आम्ही प्रवासी आमच्या परीने आतले कपडे, कागदपत्रं जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधतोच. पण सगळंच पिशवीत मावत नाही.

गेल्या गणपतीत आमच्या भजनी मंडळाची पेटी अशाच एका गाडीच्या डिकीतून गावी आली. कोणाची गाडी ते इथे लिहीत नाही, कारण गाडी बदलली तरी गोष्ट हीच राहते. खोका उघडला तर खालचा पुठ्ठा लगद्यासारखा हातात आला. भात्याचा सरस सुटून घड्या मोकळ्या झालेल्या. काळी चार दाबली ती खालीच बसली. लाकूड फुगलं होतं. आरतीला पेटी शेजारच्या वाडीतून मागून आणली आणि आमची दुरुस्तीला गेली. ऑफिसला फोन केला तर पलीकडचा माणूस म्हणाला, ‘पाऊस आहे ना साहेब, आम्ही काय करणार?’ पाऊस होता हे खरं. कोकणात भाद्रपदात पाऊस असतो, ही माहिती गाडी बांधणाऱ्याला आणि पास करणाऱ्यालाही असायला हरकत नसावी.

दुसरा त्रास पावसाचा नाही, पार्सलांचा आहे. प्रवाशांच्या बॅगांशेजारीच मासळीचे थर्माकोलचे खोके, फुलांच्या करंड्या, तेलाचे डबे, मोटारीचे सुटे भाग चढवले जातात. बर्फ वितळला की मासळीचं पाणी सगळ्या डिकीत फिरतं. भिजलेले कपडे वाळत घालता येतात. बांगड्याचा वास लागलेला मुलाखतीचा शर्ट कुठे वाळत घालणार? प्रवासी गाड्यांतून व्यापारी माल नेणाऱ्यांवर आरटीओची कारवाई अधूनमधून होते, त्याच्या बातम्याही येतात. ती बारमाही व्हावी. ते जमत नसेल तर निदान डिकीत मधे पत्र्याची भिंत घालून पार्सलांचा कप्पा वेगळा करायला लावा.

आता नुकसान झालं तर दाद कशी मागायची? तिकिटावर बारीक अक्षरात ‘सामानाची जबाबदारी प्रवाशाची’ असं छापलेलं असतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने अनुचित करारांविरुद्ध, म्हणजे ग्राहकावर अन्याय करणाऱ्या एकतर्फी अटींविरुद्ध, दाद मागायची सोय केली आहे, तेव्हा ही ओळ कितपत टिकेल याची शंकाच आहे. खरी अडचण त्याच्या आधीची आहे. बॅग गाडीवाल्याच्या ताब्यात दिली याचा पुरावाच प्रवाशाकडे नसतो. विमानात बॅगेला टॅग लागतो आणि त्याचा एक तुकडा आपल्या हातात राहतो. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १०० मध्येही सामानाची जबाबदारी रेल्वेवर कधी येते, तर ते बुक करून पावती दिली असेल तेव्हा. बसमध्ये मात्र क्लीनर फार तर खडूने बॅगेवर उतरायच्या गावाचं नाव लिहितो, आणि पहिल्याच पावसात तेही पुसलं जातं. नंबर छापलेल्या जोड-टॅगला खर्च तो काय येणार? परवान्याच्या अटींत ही एक ओळ घालून घ्या. टॅग हातात असेल तर उरलेलं ग्राहक आयोगापुढे आमचं आम्ही बघून घेऊ.

तारखेचंही बोललं पाहिजे. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला फिटनेस दोन वर्षांतून एकदा, त्यापुढे दरवर्षी. पण जानेवारीत पास झालेल्या गाडीची बीडिंग जूनपर्यंत टिकली की नाही हे कोण बघणार? म्हणून पाण्याची ही तपासणी दरवर्षी मे महिन्यात वेगळी घ्या. गाडी धुवायचा पाइप प्रत्येक गॅरेजात असतो. तपासणीच्या तारखेचं स्टिकर डिकीच्या दारावर, प्रवाशाला दिसेल असं लावा.

एसटीलाही यातून सूट नको. जुन्या लाल गाड्यांच्या टपावर सामान चढायचं, मागे शिडी असायची, आणि पावसाळ्यात वर ताडपत्री ओढली जायची. ती फाटकी असली तर खाली उभ्या माणसाला निदान दिसायचं. आता सामान डिकीत गेलं आणि दिसायचं बंद झालं. १२८वा नियम पर्यटक वाहनांपुरता आहे. एसटीच्या टप्पा वाहतुकीसाठी, म्हणजे थांब्याथांब्यावर प्रवासी घेत-उतरवत जाणाऱ्या गाड्यांसाठी, तशीच अट महाराष्ट्र मोटार वाहन नियमांत घालण्याचा विचार आपल्या खात्याने करावा.

गणपतीच्या जादा गाड्यांचं नियोजन आपल्याकडे दरवर्षी होतंच. येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेत डिकीची तपासणी हा मुद्दा घ्यावा, ही विनंती. या पत्राची एक प्रत परिवहन आयुक्तांनाही पाठवत आहे.

आपला,
एक चाकरमानी प्रवासी