तू देशाची बदनामी केली नाहीस

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज बसला होता. गटार साफ करायला उतरलेली माणसं आत गुदमरून गेल्याची बातमी तू वर्गाच्या ग्रुपवर टाकलीस आणि मैत्रीण म्हणाली, "देशाची बदनामी करतेस." मी तुला "जाऊ दे गं" म्हटलं. चुकलंच माझं. रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं, म्हणून लिहायला बसले.

हातानं मैला उचलायला लावण्याविरुद्ध आपल्याकडे १९९३ मध्ये कायदा झाला. २०१३ मध्ये त्याहून कडक कायदा आला आणि संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं गुन्हा ठरलं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मृताच्या घरच्यांना १० लाख रुपये द्यायला सांगितले, २०२३ मध्ये ते ३० लाख केले. तरी माणसं उतरवली जातातच, आणि तीही बहुतेक ठरावीक जातींतलीच. पण जेवढं झालं तेवढं तरी कुणामुळे झालं? सफाई कर्मचारी आंदोलनातली माणसं वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिली म्हणून. तेव्हा त्यांनाही कुणीतरी 'गप्प बसा' म्हटलंच असेल.

मागे माझी निवडणूक ड्यूटी लागली होती, आठवतं? सकाळी सकाळी एक आजी आल्या. नाव विचारलं तर स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव, सगळं ठणठणीत सांगितलं. मग डाव्या हाताचं बोट पुढे केलं. कामानं वाकलेलं, नखात माती. शाई नखावरून कातडीवर उतरली, आणि वाळेपर्यंत आजींनी ते बोट तसंच हवेत धरून ठेवलं, कुणाचा धक्का लागू नये म्हणून.

मला त्या क्षणी १९५१-५२ची पहिली निवडणूक आठवली. मतदार याद्या करताना कितीतरी बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. सुकुमार सेन मुख्य निवडणूक आयुक्त होते. आयोगानं अशा सुमारे २८ लाख बायका यादीतून वगळल्या. शिकलेला-अडाणी, गरीब-श्रीमंत, बाई-पुरुष असा भेद न करता पहिल्याच निवडणुकीत सगळ्यांना मत देणारा देश, आणि त्यातच लाखो बायकांना परक्यापुढे स्वतःचं नाव उच्चारायची चोरी! मला याचा अभिमानही वाटतो आणि लाजही, दोन्ही एकदमच. पण आयोगानं ही गोष्ट झाकली नाही, आपल्या अहवालात लिहून ठेवली. म्हणून तर आज मी तुला सांगू शकते.

(त्याच केंद्रावर आम्हा बायकांना धड संडास नव्हता. परतल्यावर मी लेखी तक्रार दिली. आजींचं बोट आणि तो संडास, मला दोन्ही सारखंच आठवतं.)

मैत्रिणीशी अबोला धरू नकोस. तिचंही देशावर प्रेम आहे. घरचं घरात राहावं असं तिला वाटतं. तिला एवढंच विचार, गटारात गेलेल्यांचं घरही हेच ना?

आणि माहिती अधिकाराचा अर्ज करणार होतीस, त्याचं काय झालं? गटारसफाईची यंत्रं किती, त्यातली चालू किती, ठेकेदार कामगारांना कोणती साधनं देतो, हे सगळं नगरपालिकेला वेगवेगळं विचार, म्हणजे मोघम उत्तर देता येणार नाही. कच्चा मसुदा मला पाठव. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट माझ्याकडे आहे, रविवारी येशील तेव्हा चिकटवू.

तुझी,
आई