एकदाचा ठरला हिरवा

प्रिय मित्रा,

परवा फोनवर हसलास ना, खोलीच्या भिंतींसाठी दोन हिरव्यांत एवढं डोकं काय घालायचं म्हणून? आठवडाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. एक शेवाळी, करड्याकडे झुकणारा. दुसरा ऑलिव्ह, पिवळसर झाक असलेला. मी पहिल्या दिवसापासून ऑलिव्हच्या बाजूचा.

घाईत थेट भिंतीवर दोन पट्टे ओढले. जुना क्रीम रंग इतका मळलेला, की त्याच्या शेजारी दोन्ही हिरवे आजारी दिसायला लागले. शिवाय मत बनवलं ते ओला रंग बघून. वाळल्यावर ऑलिव्ह आणखी गडद झाला आणि मी गप्प बसलो.

मग दोन-दोन फुटांचे पुठ्ठे आणले, पांढरा प्रायमर मारला, वर रंगाचे दोन हात दिले. ते घेऊन खोलीभर फिरत होतो. खिडकीजवळ ऑलिव्ह काय देखणा दिसायचा! कोपऱ्यात नेला की मात्र निम्मा जीव जायचा. विटकरी सोफ्याला टेकवला तर दोन्ही हिरवे एकदम जास्तच हिरवे. लालाशेजारी हिरवा असा उठून येतो, हे माहीत होतं, तरी दचकलो.

शेडकार्डावर एलआरव्ही म्हणून आकडा असतो, रंग किती उजेड परत फेकतो त्याचा. काळ्याकडे 0, पांढऱ्याकडे 100. आमच्या शेवाळीचा 48, ऑलिव्हचा 31. त्या खोलीत थेट ऊन येतच नाही, म्हणजे ऑलिव्ह तिथे अंधारा वाटणार, हे आकडा बघूनच समजायला हवं होतं. पण मन मानेना.

शेवटी बायको म्हणाली, "या खोलीत आपण बसतो कधी? रात्री आठनंतर. मग दुपारचा रंग कशाला बघतोस?" तिने 2700 केल्विनचा पिवळा दिवा लावला. शेवाळीतला गारवा गेला, रंग मऊ झाला. माझा ऑलिव्ह थेट खाकी! तुला शाळेची चड्डी आठवली असती. 4000 केल्विनचा पांढरा दिवा लावून बघितला, तेव्हा तो जरा सावरला. पण रंगासाठी घरातले दिवे बदलायचे, हे माझं मलाच हास्यास्पद वाटलं.

तर शेवाळी ठरला. अजिबात चमक नसलेला मॅट नको, हात लागतात तिथले डाग पुसताना तेवढ्याच जागी चकाकी येते, म्हणून हलका शीन, म्हणजे सगळीकडे थोडी चमक असलेला घेतलाय. रविवारी ये, पुस्तकांचं कपाट एकट्याने हलत नाही. आणि ऑलिव्हचा पुठ्ठा मी टाकलेला नाही, त्याच कपाटामागे सरकवणार आहे. बायकोला सांगू नकोस.

तुझाच,
रंगाऱ्याची वाट बघणारा